सांभाळलेल्या मुलाला भेटण्याचा हक्क : आजी-आजोबा, मावशी, आत्या, मामा आणि काकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या मुलाला न्हाऊ-माखू घातले, ज्याची आजारपणे काढली, ज्याला बोट धरून बालवाडीत सोडले, ते मूल घरातल्या भांडणामुळे, मृत्यूमुळे किंवा दुसऱ्या लग्नामुळे एकाएकी दिसेनासे होते, तेव्हा नातेवाइकांना पडणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरे आहेत. ती भारतातील, मुख्यतः महाराष्ट्रातील, कायदा आणि कोर्टाची पद्धत समोर ठेवून लिहिली आहेत. प्रत्येक प्रकरणाची वस्तुस्थिती वेगळी असल्याने अर्ज करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावाच.

मुलाला सांभाळलेल्या नातेवाइकाला त्याला भेटण्याचा कायदेशीर हक्क आहे का?

आई किंवा वडील हयात असताना आजी, मावशी किंवा काका यांना स्वतःच्या बळावर मागता येईल असा भेटीचा स्वतंत्र हक्क आपल्या कोणत्याही कायद्यात शब्दशः लिहिलेला नाही. विधी आयोगाने मे २०१५ मधील आपल्या २५७ व्या अहवालात आजी-आजोबांसोबत मुलाला मिळणाऱ्या वेळेचा विचार केला होता आणि त्यासाठी कायद्यात तरतूद सुचवली होती, परंतु त्या सूचनांचे कायद्यात रूपांतर झालेले नाही. असे असूनही कोर्टे नातेवाइकांना भेटी देतात, आणि अनेकदा देतात. ती भेट नातेवाइकाने केलेल्या कष्टांची परतफेड म्हणून मिळत नाही. मुलाला त्या माणसाची सवय आहे, ओढ आहे, आणि ते नाते तुटल्यास मुलाचे नुकसान होईल, म्हणून ती मिळते. हा फरक नीट न समजल्यामुळे पुष्कळ चांगली प्रकरणे अर्जाच्या पहिल्याच पानावर बिघडतात.

मग कोर्ट कोणत्या कायद्याच्या आधारे आदेश देते?

मुख्य आधार पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा आहे आणि तो सर्व धर्मांच्या मुलांना लागू होतो. त्याच्या कलम १७ नुसार पालक नेमताना मुलाचे हित पाहावे लागते, तर कलम १२ नुसार प्रकरण चालू असताना मुलाबाबत तात्पुरता आदेश देता येतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ मध्ये मुलाचे कल्याण हाच सर्वोपरी विचार मानला आहे. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ७ खालील स्पष्टीकरणात मुलाचे पालकत्व, ताबा आणि मुलाला भेटणे या तिन्ही बाबींची प्रकरणे कुटुंब न्यायालयाकडे दिली आहेत, आणि या खंडात पक्षकार नवरा-बायकोच असले पाहिजेत असे म्हटलेले नाही. नातेवाइकांच्या वकिलांनी हा मुद्दा आवर्जून मांडावा.

हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचे कलम २१ यांचा नातेवाइकांना थेट उपयोग होत नाही, कारण पहिले कलम पती-पत्नीमधील दाव्यापुरते आहे आणि दुसरे पीडित स्त्री व प्रतिवादी यांच्यापुरते.

अर्ज कोण करू शकतो? सख्खे नातेच असावे लागते का?

१८९० च्या कायद्याचे कलम ८ या बाबतीत उदार आहे. पालक होऊ इच्छिणारी व्यक्ती तर अर्ज करू शकतेच, शिवाय मुलाचा ‘कोणताही नातेवाईक किंवा मित्र’ही करू शकतो. त्यामुळे चुलत आजी, आतेबहीण किंवा ज्यांच्या घरी मूल वाढले त्या शेजारच्या काकूसुद्धा दारातच अडवल्या जात नाहीत. अर्ज दाखल करता येणे आणि मंजूर होणे यांत मात्र मोठे अंतर आहे, आणि नाते जितके लांबचे तितका प्रत्यक्ष सांभाळाचा पुरावा भक्कम लागतो.

पालकत्व, ताबा आणि भेट यांपैकी नेमके काय मागावे?

पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार, ताबा म्हणजे मूल रोज कोणाजवळ राहील हे, आणि भेट म्हणजे मूल दुसऱ्याच्या ताब्यात असताना त्याला ठरलेल्या वेळी भेटणे, बोलणे, जमल्यास घरी नेणे. १८९० च्या कायद्याच्या कलम १९ नुसार आई किंवा वडील हयात असतील आणि कोर्टाच्या मते अपात्र नसतील, तर दुसऱ्या कोणाला मुलाच्या देहाचा, म्हणजे त्याच्या मालमत्तेचा नव्हे तर प्रत्यक्ष मुलाचा, पालक नेमता येत नाही.

रागाच्या भरात बहुतेक जण ताबाच मागतात, कारण ‘आम्ही वाढवले, आम्हालाच द्या’ हे मनाला पटते. आमचे मत वेगळे आहे. आई किंवा वडील व्यसनी, हिंसक किंवा मुलाकडे पूर्ण दुर्लक्ष करणारे असतील तर ताबा जरूर मागावा, परंतु तसे नसताना केवळ आपले घर मोठे आहे म्हणून ताबा मागितला, तर समोरचा पक्ष घाबरतो, हे लोक मूल परत करणार नाहीत असे कोर्टाला सांगतो, आणि मग साधी रविवारची भेटही अवघड होऊन बसते. अशा वेळी भेटच मुख्य मागणी ठेवावी.

आई वारल्यावर मावशीने बाळ सांभाळले आणि नंतर वडिलांनी परत मागितले, तर काय होते?

याचे उत्तर पुण्याशी संबंधित एका प्रकरणात सापडते, ज्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१९ रोजी दिला. गरोदरपणातच आईला कर्करोग असल्याचे निदान झाले, पुढे वडीलही गंभीर आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले, आणि तान्ही मुलगी आईच्या बहिणींकडे वाढू लागली. ऑक्टोबर २०१८ मध्ये आई वारली. बरे झालेल्या वडिलांनी मुलगी मागितली तेव्हा आजोळच्यांनी नकार दिला, आणि वडील हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा अडकवून ठेवलेल्या व्यक्तीला कोर्टासमोर हजर करण्याचा, अर्ज घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. ताबा वडिलांना मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.

परंतु निकालाचा शेवटचा भाग आमच्या वाचकांनी मन लावून वाचावा. मुलगी तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती, तिच्या लेखी मावशीचे घर हेच घर होते. म्हणून न्यायालयाने पहिले तीन महिने आजोळच्यांना वडिलांच्या घरी सकाळी ८ ते संध्याकाळी ६ असा जवळजवळ दिवसभर तिच्याजवळ राहण्याची मुभा दिली. त्यानंतर शनिवारी व रविवारी सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत वडिलांच्याच घरी भेट ठेवली. मुलगी चार वर्षांची झाल्यावर दर शनिवार-रविवारी ११ ते ५ तिला बाहेर नेण्याची परवानगी दिली, आणि पुढे बदल हवा असल्यास उच्च न्यायालयात जाण्याची वाट मोकळी ठेवली. भेटीचा आदेश मुलाच्या वयाप्रमाणे टप्प्याटप्प्याने कसा बांधावा याचा इतका चांगला नमुना शोधून सापडणार नाही. वकिलांना हा निकाल माहीत असतोच, तरी अर्जासोबत त्याची प्रत जोडायला सांगावे.

मूल नातेवाइकांकडेच राहू दिले, असेही निकाल आहेत का?

आहेत. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन मुलांची इच्छा विचारून वडिलांऐवजी मामाकडे ताबा ठेवला. २००८ च्या एका निकालात आईचा सासरी मृत्यू झाला होता, वडिलांवर हुंडाबळीचा खटला चालू होता आणि मुलगा आजोळी राहत होता. तेथेही ताबा आजी-आजोबांकडे राहिला. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात, बाळंतपणानंतर आई वारलेल्या मुलाचे पालकत्व तो बारा वर्षांचा होईपर्यंत आईच्या वडिलांकडे ठेवण्याचा निर्णय २०१० मध्ये झाला, आणि वडिलांना भेटीचा हक्क मिळाला.

सप्टेंबर २०२४ मधील निकाल अधिक ताजा आहे. सुमारे अडीच वर्षांची मुलगी आई गेल्यापासून मावश्यांकडे होती. उच्च न्यायालयाने तिला वडिलांकडे सोपवण्याचा आदेश दिला, तो सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मूल म्हणजे इकडून तिकडे हलवण्याची जंगम मालमत्ता नव्हे, आणि ताबा बदलल्याने मुलावर काय परिणाम होईल हे पाहिल्याखेरीज असा आदेश देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. वडिलांना आणि त्यांच्या आई-वडिलांना पंधरवड्यातून एकदा भेट दिली, आणि ताब्याचा कायमचा प्रश्न १८९० च्या कायद्याखाली सोडवण्यास सांगितले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र आईच्या मृत्यूनंतर आजोबांकडे राहिलेल्या मुलाचा ताबा वडिलांना देण्यात आला. मूल आईच्या मृत्यूपर्यंत आई-वडिलांसोबतच राहिलेले होते आणि वडिलांविरुद्ध गंभीर असे काही नव्हते, हे तेथे महत्त्वाचे ठरले. म्हणजे एक निकाल हातात घेऊन ‘आमचेही असेच होईल’ असे कोणी समजू नये.

आमचा मुलगा वारला. सून नातवाला घेऊन माहेरी गेली आणि आता दुसरे लग्न करते आहे. आम्हाला नातू भेटेल का?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत जास्त येतो, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातून, जिथे घरातला कर्ता पुरुष गेल्यावर तरुण सुनेला माहेरचा आधार घ्यावा लागतो. वडिलांच्या मृत्यूनंतर आईच मुलाची नैसर्गिक पालक असते आणि तिच्या पुनर्विवाहामुळे ते स्थान आपोआप जात नाही. त्यामुळे पुनर्विवाह हे कारण सांगून ताबा मागणे बहुधा टिकत नाही, आणि त्याबद्दल तिला नावे ठेवणारा अर्ज तर न्यायाधीशांच्या मनात तुमच्याविषयीच शंका निर्माण करतो.

भेटीची मागणी मात्र योग्य आहे. वडील गेलेल्या मुलासाठी वडिलांकडचे घर हाच वडिलांशी उरलेला दुवा असतो, हे कोर्टाला समजते. एक पथ्य कटाक्षाने पाळावे: विम्याचे पैसे, अपघाताची नुकसानभरपाई, भविष्यनिर्वाह निधी किंवा शेतजमिनीतला हिस्सा यांचा वाद भेटीच्या अर्जात अजिबात आणू नये. तो वेगळ्या दाव्यात चालवावा. दोन्ही एकत्र आले की नातवाची आठवण नेमकी वारसाची नोंद लावताना कशी झाली, असा प्रश्न विचारला जातो, आणि त्याचे चांगले उत्तर नसते.

आई-वडील दोघेही आहेत. त्यांनीच मूल आमच्याकडे ठेवले होते, आता नेले आणि भेटू देत नाहीत. काय करावे?

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची मुले हंगामात गावी आजीजवळ राहतात. मुंबई-पुण्यात दोघे नोकरी करणारे आई-वडील बाळाला पहिली तीन-चार वर्षे गावी ठेवतात. अशा सांभाळातून माया निर्माण होते, ताब्याचा हक्क निर्माण होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये, जुळ्यांपैकी एका पाच वर्षांच्या मुलाला जन्मापासून सांभाळणाऱ्या ७४ वर्षांच्या आजीला ते मूल आई-वडिलांकडे देण्यास सांगितले, आणि भावनिक जवळीक म्हणजे आई-वडिलांपेक्षा वरचढ हक्क नव्हे असे स्पष्ट केले.

म्हणून या परिस्थितीत कोर्ट हा शेवटचा उपाय धरावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करण्यापूर्वीच्या मध्यस्थीचा अर्ज करता येतो. तेथे नोटीस गेली की बोलणे बंद झालेली माणसेही निदान एकदा समोरासमोर बसतात. जिथे आई-वडिलांचाच घटस्फोटाचा दावा चालू आहे, तिथे आणखी सोपा मार्ग आहे. मुलाला ज्या दिवशी वडिलांसोबत राहायला मिळते, त्या दिवशी आजी-आजोबांनी उपस्थित राहण्यास हरकत नसावी, एवढे एक वाक्य वडिलांच्या भेटीच्या आदेशात घालून घ्यावे. वेगळा अर्ज, वेगळा वकील, वेगळा खर्च यांची गरजच उरत नाही.

मूल सध्या आमच्याकडेच आहे. परत न देता अर्ज केला तर चालेल का?

मूल लपवून ठेवणे, गाव बदलणे किंवा शाळेतून परस्पर दाखला काढणे यांपैकी काहीही करू नये. आई किंवा वडील हेबियस कॉर्पसचा अर्ज करू शकतात, पोलीस दारात येतात, आणि ते दृश्य मूल पाहते. मुलाला धोका आहे असे खरोखर वाटत असेल तर मूल आपल्याजवळ असतानाच, उघडपणे, कोर्टात तात्पुरत्या आदेशाचा अर्ज करावा. गंभीर छळ असल्यास बालकल्याण समितीकडेही जावे.

अर्ज कोठे करायचा आणि खर्च किती येतो?

१८९० च्या कायद्याच्या कलम ९ नुसार मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात अर्ज करावा लागतो. तुम्ही लातूरला असाल आणि मूल ठाण्यात राहत असेल तर फेऱ्या ठाण्याच्याच होणार. ज्या ठिकाणी कुटुंब न्यायालय आहे तेथे अर्ज त्याच न्यायालयात जातो, नसेल तेथे जिल्हा न्यायालयात.

वकिलाची फी ठरलेली नसते. परंतु विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आजी, मावशी, आत्या किंवा काकू अर्जदार असेल तर तिने न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा कार्यालयात जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. घरातले पुरुष सवयीने स्वतःचे नाव अर्जदार म्हणून पुढे करतात. प्रत्यक्ष सांभाळ जिने केला तिचे नाव आधी असावे, ते खर्चाच्या दृष्टीनेही बरे आणि प्रकरणाच्या दृष्टीनेही.

आम्हीच सांभाळले हे सिद्ध कसे करायचे?

वाढदिवसाचे फोटो सगळेच आणतात आणि त्यांचा उपयोग कमीच होतो, कारण वाढदिवसाला पाहुणेही हजर असतात. रोजच्या सांभाळाचे कागद निराळे असतात. लसीकरणाच्या कार्डावर बाळासोबत कोण आले होते, बालरोगतज्ज्ञाच्या फाइलवर कोणाचा मोबाइल क्रमांक आहे, शाळेच्या डायरीत ‘पालकांची सही’ या रकान्यात दीड-दोन वर्षे कोणाची सही आहे, रिक्षावाल्या काकांना महिन्याचे पैसे कोणाच्या खात्यातून गेले, हे पाहावे. एका प्रकरणात आत्याने चौथीची डायरी आणली होती. तिच्यात ‘आज डबा संपवला नाही’, ‘उद्या रंगपेटी पाठवावी’ अशा बाईंच्या सूचनांखाली प्रत्येक वेळी आत्याचीच सही होती. वीस पानी प्रतिज्ञापत्राने जे साधले नसते ते त्या डायरीने साधले.

अंगणवाडी सेविका, वर्गशिक्षिका किंवा शेजारी यांची प्रतिज्ञापत्रे उपयोगी पडतात. मोबाइलमधील संदेश पुरावा म्हणून द्यायचे असल्यास त्यांच्यासोबत कायद्याने लागणारे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते वकिलाकडून आधीच तयार करून घ्यावे.

आदेशात नेमके काय मागावे?

‘सोयीनुसार भेट द्यावी’ असा मोघम आदेश कधीही मान्य करू नये, कारण सोय कोणाची यावरूनच पुढचे भांडण सुरू होते. महिन्यातील कोणते शनिवार, किती ते किती, मूल कोठून घ्यायचे, कोणी आणून सोडायचे, मूल आजारी पडल्यास बदली दिवस कोणता, हे सगळे लिहून घ्यावे. गणपतीचा एक दिवस, दिवाळीतील दोन दिवस, उन्हाळी सुट्टीतील एक आठवडा असे सणासुदीचे वेगळे मागावे. दिवाळी व सुट्टीची विभागणी आई-वडिलांमध्येच झाली असेल तर आपला वाटा लहान असणार, हे गृहीत धरावे.

फोनची मागणी विसरू नये. जानेवारी २०२० मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष भेटीइतकेच संपर्काच्या हक्काला महत्त्व दिले आणि ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटे मुलाशी बोलता यावे असे म्हटले. ते पालकांविषयी असले तरी त्याच धर्तीवर आजीसाठी आठवड्यातून दोन व्हिडिओ कॉल मागणे सहज पटण्यासारखे आहे.

दोन्ही घरांत टोकाचे वैर असेल तर पहिल्या भेटी कोर्टाच्या आवारातील मुलांच्या खोलीत ठेवल्या जातात. थोडी खेळणी, बसायला खुर्च्या, नोंदवही आणि घड्याळ असे तिचे स्वरूप असते. तेथे मुलासमोर रडू नये, ‘आई काय म्हणते?’ असे विचारू नये, महागड्या वस्तू नेऊ नयेत. त्याला आवडणारी चकली किंवा अर्धवट राहिलेले गोष्टीचे पुस्तक पुरते. भेट कशी झाली याचा अहवाल समुपदेशकाकडून मागवला जाऊ शकतो.

मुलाला विचारले जाते का?

मूल समजुतीने पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर १८९० च्या कायद्याच्या कलम १७(३) नुसार न्यायालय तिचा विचार करू शकते. न्यायाधीश बहुधा आपल्या दालनात एकट्याने मुलाशी बोलतात. ठरावीक वय लिहिलेले नाही. पढवलेले मूल दोन-तीन प्रश्नांत ओळखू येते, म्हणून त्याला काहीही पढवून नेऊ नये.

मूल दत्तक दिले गेले तर?

हिंदू दत्तक कायद्याच्या कलम १२ नुसार दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मदात्या कुटुंबाशी असलेले नाते कायद्याच्या दृष्टीने संपते, त्यामुळे नंतर भेट मागणे अतिशय कठीण होते. दत्तकाची हालचाल कानावर आली की लगेच वकील गाठावा. आई-वडील दोघेही हयात नसतील तर बाल न्याय कायद्याखाली नातेवाइकांनाही मूल दत्तक घेता येते. त्या कायद्यातील ‘नातेवाईक’ या व्याख्येत काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा येतात.

मुस्लिम कुटुंबांसाठी नियम वेगळे आहेत का?

हनफी परंपरेत आईनंतर मुलाच्या संगोपनाचा म्हणजे हिजानतचा क्रम आईच्या आईकडे जातो, त्यामुळे तेथे आजीची बाजू मुळातच अधिक बळकट असते. तरीही न्यायालय १८९० च्या कायद्याखाली मुलाचे हितच पाहते. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पालकत्व आणि ताबा या दोन निराळ्या गोष्टी आहेत असे सांगून, वडील पालक असतानाही प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत मुले आजोळीच ठेवली.

मूल परदेशात नेले असेल तर?

१९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, आणि तसाही तो करार मुलाला बेकायदा नेण्याबाबत आहे, आजीच्या भेटीसाठी त्याचा फारसा उपयोग नसतो. मूल अमेरिकेत स्थायिक झाले असेल तर तेथील राज्याचा कायदा पाहावा लागतो. तेथे २००० साली सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन राज्यातील एका प्रकरणात आजी-आजोबांना दिलेली भेट रद्द केली आणि सक्षम पालकाच्या निर्णयाला विशेष वजन द्यायला हवे असे ठरवले. मूल अजून भारतातच असेल आणि नेण्याची तयारी चालू असेल, तर भेटीच्या अर्जातच व्हिडिओ कॉल आणि भारतात आल्यावरची भेट यांची मागणी करावी. निव्वळ आजीला भेटता यावे म्हणून आईची नोकरी कोणी थांबवणार नाही.

आदेश मिळाला, पण समोरचे लोक मूल भेटीला आणतच नाहीत. पुढे काय?

प्रत्येक हुकलेल्या भेटीची तारीख लिहून ठेवावी, ठरलेल्या जागी वेळेवर हजर राहून तेथून संदेश पाठवावा, आणि अशा दोन-तीन भेटी हुकल्या की त्याच न्यायालयात अंमलबजावणीचा अर्ज करावा. कुटुंब न्यायालयाचा आदेश दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता येतो. जाणूनबुजून आदेश मोडल्यास अवमानाची कारवाई मागता येते. पोलीस ठाण्यात धाव घेण्याने भेट क्वचितच मिळते.

भेटीचा आदेश कायमचा नसतो. मुलाची शाळा, गाव किंवा वय बदलले की तो बदलून मागता येतो, आणि समोरच्यालाही मागता येतो. कुटुंब न्यायालयाच्या अंतिम निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायचे असल्यास कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे तीस दिवसांची मुदत आहे. त्यामुळे निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज देऊन ठेवावा.